व्हरांड्याचा लाकडी खांब बुडाशी पुन्हा पुन्हा सडतोय? आधी त्याची बैठक बघा

खांब सडला, बदलला, रंग मारला आणि काही वर्षांत त्याच जागी परत बूड मऊ पडलं, ही तक्रार इतक्यांची असते की आता कोणी "कुठलं लाकूड घेऊ?" असं विचारलं की मी आधी उलट विचारतो, खांब उभा कशावर आहे? कारण लाकूड बदलून हा प्रॉब्लेम सुटत नाही. उत्तम सागाचा गाभा घेतलात तर थोडी जास्त वर्षं मिळतील एवढंच, पण बूड ओलं राहत असेल तर सडायचं ते सडणारच.

आधी कारण समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं काम कशासाठी करतोय ते कळेल. लाकूड सडतं ते बुरशीमुळे, आणि बुरशीला लाकडात ओल लागते. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी वाढत नाही, साधारण 28-30 टक्क्यांच्या वर गेली आणि तशीच टिकली की ती जोरात पसरते. छपराखालचं कोरडं लाकूड बहुतेक वेळा 20 च्या बरंच खाली असतं, म्हणून खांबाचा मधला भाग पन्नास वर्षं जुना असूनही ठणठणीत निघतो आणि खालचे सहा इंच मात्र हाताने उकरता येतात. खालीच का, तर लाकडाचे तंतू म्हणजे उभ्या बारीक नळ्या आहेत आणि खांबाच्या तळाशी त्या सगळ्या नळ्यांची तोंडं उघडी असतात. बाजूने लाकूड जेवढं पाणी पितं त्याच्या कित्येक पट ते या कापलेल्या टोकातून ओढतं, आणि वर रंगाचा जाड थर असेल तर ते पाणी बाहेर पडायला वाटच राहत नाही.

आता तुमच्या खांबाचं नक्की काय झालंय ते बघा. एक जाड स्क्रूड्रायव्हर घ्या आणि बुडापासून वर वर टोचत जा, चारही बाजूंनी, कारण भिंतीकडची बाजू चांगली आणि पावसाकडची पोकळ असं फार वेळा होतं. रंग शाबूत आहे म्हणून फसू नका, रंगाची साल तशीच उभी आणि आत भुसा असं मी बऱ्याच खांबांत पाहिलंय. हातोडीच्या दांड्याने ठोकून पण ऐका, चांगलं लाकूड खणकन बोलतं, सडलेलं बद्द. लाकूड तपकिरी होऊन त्याला आडव्या-उभ्या भेगा पडून चौकोनी तुकडे निघत असतील किंवा फिकट, ओलसर, धाग्याधाग्याचं झालं असेल तर ती बुरशी. खांबावर किंवा जोत्यावर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या आणि आत पापुद्रे राहून मधल्या पोकळीत माती भरलेली असेल तर ती वाळवी, मग आधी वाळवीचा बंदोबस्त करा आणि नंतर खांबाला हात लावा, नाहीतर नवीन खांब म्हणजे तिला नवीन खाद्य. बारीक टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखी पूड असेल तर भुंगेरा. बरेचदा बुरशी आणि वाळवी दोन्ही एकत्र सापडतात कारण ओल दोघींना लागते.

सड कुठे आहे त्यावरून पाणी कुठून येतंय ते कळतं. फक्त बुडाशी असेल तर बैठकीचा दोष. बुडापासून फूटभर उंचीपर्यंत बाहेरच्या बाजूनेच असेल तर पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून उडतंय, शिंतोडे आरामात फूटभर वर जातात, तिथे पन्हळ लावल्याशिवाय सुटका नाही. मध्येच कुठेतरी, रेलिंग जिथे खांबाला जोडलंय तिथे सडलं असेल तर त्या सांध्यात पाणी अडतंय. आणि वरचं टोक सडलं असेल तर खांबाकडे बघूच नका, आधी छप्पर बघा, गळती तुळईवरून वाहत येऊन खांबाच्या डोक्यात मुरतीये. खात्री करायची असेल तर कोरड्या दिवशी बुडाशी बादलीभर पाणी ओता आणि नुसतं बघत बसा. पाणी बाहेर पळतं की खांबाभोवती थबकतं, आणि अर्ध्या तासाने कुठली फट अजून ओली आहे, एवढं बघितलं की निम्मं निदान झालं.

पुन्हा पुन्हा सडणाऱ्या खांबांत मला सगळ्यात जास्त दिसणारा गुन्हेगार म्हणजे बुडाशी केलेला सिमेंटचा गोळा. खांब फरशीवर उभा करायचा आणि हलू नये, दिसायला पण नीट दिसावं म्हणून भोवती सिमेंटची कड करायची. पहिल्या वर्षी एकदम फिट्ट. मग लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं आणि आकसतं, सिमेंट जागचं हलत नाही, दोघांमध्ये केसाएवढी फट पडते, त्या फटीत पाणी उतरतं आणि तिथून ते वाळायला मार्गच नाही. खांब थेट काँक्रीटमध्ये गाडला असेल तरी तेच. बुडाला पत्र्याचा डबा ठोकतात तो तर अजून वाईट. आणि हल्ली खांबाचं बूड बसवायला मिळणारे लोखंडी बूट, त्यातले काही खालून बंद वाटीसारखे असतात, पाणी निघायला भोक नाही, त्यात खांब म्हणजे पाण्यातच उभा. सिलिकॉनने खालची फट बंद करणं पण याच जातीचं, वरून येणारं पाणी आत जातंच, फक्त बाहेर येत नाही. डांबर फासायचा सल्ला पण खूप जण देतात, पण लाकूड आतून ओलं असताना डांबर लावलं तर ती ओल आतच कोंडली जाते, आणि डांबराला भेगा पडल्या की बाहेरचं पाणी आत यायला मोकळं. जुनं इंजिन ऑइल तर लावूच नका, त्याने बुरशी थांबत नाही आणि माती मात्र खराब होते.

जुन्या घरांत लाकडी खांबाखाली दगडी तळखडा असायचा, जमिनीपासून चांगला उचललेला, त्यावर खांब. लाकडाचं टोक जमिनीपासून वर ठेवायचं आणि त्याला हवा लागू द्यायची, सगळं गणित एवढंच आहे. आज आपण तेच वेगळ्या सामानाने करणार आहोत.

खांब पूर्ण बदलायचा की खालचा तुकडाच

सड बुडाच्या फूटभरातच असेल, वरचं लाकूड टणक असेल आणि खांब जाड असेल तर खालचा भाग कापून नवीन तुकडा सांधता येतो. जुना कोरीव खांब असेल तर मी नक्की हाच प्रयत्न करीन. पण कापताना जिथे सड दिसायची थांबते तिथे कापू नका, त्याच्या वर अजून चांगलं हातभर निरोगी लाकूड कापून काढा कारण बुरशीचे धागे डोळ्याला दिसतात त्याच्या पुढे गेलेले असतात. सांधा लांब हवा, दोन्ही तुकडे अर्धे अर्धे कापून एकमेकांवर बसवलेला, निदान खांबाच्या जाडीच्या तिप्पट लांब, आणि आरपार बोल्ट. हे नीट जमणारा सुतार नसेल तर पूर्ण खांब बदलणंच सोपं आणि सेफ. पोकळीत लांबी (पुट्टी) किंवा इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रसायन) भरून वरून रंग मारणं हा मात्र भार घेणाऱ्या खांबाचा उपाय नाहीच, त्याने फक्त सड दिसेनाशी होते आणि भार तसाच पोकळ लाकडावर राहतो.

छप्पर उचलून धरणं, इथे घाई नको

खांबावर किती वजन आहे याचा अंदाज आधी काढा. समजा व्हरांडा 2.4 मीटर खोल आणि दोन खांबांतलं अंतर पण 2.4 मीटर, तर छपराचा निम्मा भार भिंत घेते आणि निम्मा खांबांवर येतो, म्हणजे मधल्या एका खांबाच्या वाट्याला साधारण 3 चौरस मीटर छप्पर. मातीची कौलं चौरस मीटरला 50 किलोच्या आसपास धरली तरी दीडशे किलो झाले, त्यात वासे आणि तुळईचं वजन वेगळं. पत्रा असेल तर बरंच कमी, पण पत्र्याला दुसरी भीती आहे ती पुढे सांगतो. व्हरांड्यावर मजला असेल, गच्ची असेल, तुळईला भेग गेलेली असेल किंवा छप्पर आधीच झुकलेलं असेल तर हे काम स्वतः करू नका, स्ट्रक्चरचं कळणाऱ्या माणसाला आणून दाखवा. बाकी साध्या एकमजली छपराचं काम दोघांनी मिळून जमतं. एकट्याने नाहीच.

खांबाच्या दोन्ही बाजूंना, दीड-एक फुटावर, तुळईखाली एकेक टेकू लावायचा. स्लॅबच्या सेंटरिंगला वापरतात तो स्क्रूवाला लोखंडी प्रॉप सगळ्यात चांगला. खाली जाड फळी टाका म्हणजे भार पसरतो, नुसत्या फरशीवर ठेवलात तर फरशी फुटते आणि मातीवर ठेवलात तर प्रॉप रुततो. वर पण तुळई आणि प्रॉपच्या मध्ये लाकडी ठोकळा. तुळई दोन तुकड्यांची असून त्यांचा सांधा नेमका या खांबाच्या डोक्यावर असेल (वर चढून बघाच, बरेचदा असतो) तर दोन्ही तुकड्यांखाली स्वतंत्र टेकू हवाच हवा, नाहीतर खांब काढल्यावर एक तुकडा सरळ खाली येईल.

उचलायला बाटली जॅक वापरला तरी चालेल पण जॅकवर छप्पर ठेवून काम करायचं नाही. हायड्रॉलिक जॅक हळूहळू बसतो. जॅकने उचला, प्रॉप टाईट करा आणि भार प्रॉपवर घ्या. आणि उचलायचं किती, तर खांब नुसता मोकळा होईपर्यंत, दोन-तीन मिलिमीटर पुरतात. प्रॉपच्या स्क्रूचा एका वेळी अर्धा फेरा, मग थांबा, वर कौलं, भिंतीचा सांधा, गिलावा बघा, कुरकुर ऐका, मग पुढचा अर्धा फेरा. छप्पर कित्येक वर्षांत इंचभर खाली बसलेलं असेल आणि तुम्हाला ते एका दुपारात वर न्यायचं असेल तर भिंतीला तडे जातील, कौलं सरकतील. तसं असेल तर रोज थोडं थोडं करत अनेक दिवसांत वर न्या, किंवा आहे तिथेच राहू द्या आणि नवीन खांब त्या मापाने कापा, मला विचाराल तर बहुतेक वेळा दुसरंच बरं. प्रॉप ओळंब्यात उभे आहेत ना ते बघा, आणि तुळईला एक-दोन तिरप्या फळ्या ठोकून बाजूला सरकणार नाही असं करा. वाऱ्या-पावसाच्या दिवसात हे काम काढूच नका.

जुना खांब आता मधून तिरपा कापला की दोन तुकड्यांत सहज निघतो. खांब काँक्रीटमध्ये गाडलेला असेल तर वर कापून खालचा खुंट तसाच ठेवून त्यावर सिमेंट ओतायचा मोह होतो, ते नको, तो खुंट आत कुजत राहतो आणि वरचं काँक्रीट पोकळीवर उभं राहतं. मोठ्या ड्रिलने खुंटाला भोकं पाडा, पटाशीने उकरून सगळं काढा, खड्डा सुकू द्या आणि मग काँक्रीटने भरा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासून धूळ उडवू नका, निदान चांगला मास्क लावा. आणि खांब केमिकल ट्रीटमेंट केलेला असेल तर त्याचे तुकडे चुलीत किंवा शेकोटीत अजिबात नाही, जुन्या ट्रीटमेंटमध्ये आर्सेनिक वापरलेलं असायचं.

बैठक

हा कामाचा गाभा, इथे पैसे आणि वेळ वाचवू नका. खांबाखाली काँक्रीटचा किंवा दगडाचा उंचवटा करा, भोवतालच्या फरशीपेक्षा वर, आणि त्याच्या माथ्याला सगळीकडून बाहेर उतार द्या, 2 टक्के उतार म्हणजे मीटरला 2 सेंटिमीटर. नवीन काँक्रीट केलं तर आठवडाभर तरी ओलं ठेवा आणि त्याआधी भार देऊ नका, पूर्ण ताकद यायला 28 दिवस धरतात. मधल्या काळात छप्पर प्रॉपवरच राहणार, त्यामुळे ते भक्कम लावा म्हणतो.

त्यावर जस्ताचा मुलामा दिलेला किंवा स्टेनलेसचा उंच पायाचा बूट बसवा, असा की लाकडाचं बूड काँक्रीटपासून निदान 25 मिलिमीटर वर राहील आणि खालून आरपार दिसेल. ही फट दिसायला काहींना आवडत नाही आणि मग काम झाल्यावर कोणीतरी प्रेमाने ती सिमेंटने बुजवतं. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, ती फट मुद्दाम ठेवलीये. बूट विकत घेताना खाली भोक किंवा मोकळ्या बाजू आहेत ना बघा, आणि खांबाचं माप टेपने मोजून मगच घ्या, कारण रंधा मारलेला चार इंची खांब प्रत्यक्षात साडेतीन इंचाचा निघू शकतो आणि मग तो बुटात खडखडतो.

बोल्ट काँक्रीटच्या कडेपासून लांब घ्या, फार कडेला घेतला की कोपरा उडतो. केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकट रसायन भरून त्यात रोवायचा बोल्ट, वापरत असाल तर भोकातली धूळ ब्रशने आणि हवेने पूर्ण काढा, धुळीला चिकटलेला बोल्ट हाताने उपटून येतो, आणि पाकिटावर दिलेली वेळ जाईपर्यंत हात लावू नका.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. गाडलेला खांब स्वतःच्या ताकदीने सरळ उभा असतो, बुटावरचा खांब तसा नसतो, बुडाशी तो बिजागरीसारखा वळू शकतो. सगळेच खांब तुम्ही गाडलेल्यावरून बुटावर आणलेत तर व्हरांडा बाजूला डुलायला लागेल. म्हणून छप्पर भिंतीला पक्कं बांधलेलं आहे का ते बघा आणि खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात 45 अंशात तिरप्या पट्ट्या द्या.

नवीन खांब

गाभ्याचं लाकूड घ्या. सालीलगतचं फिकट लाकूड कुठल्याही झाडाचं असो, अगदी सागाचं पण, सडायला कमकुवतच. हलकं लाकूड घेत असाल तर प्रेशर ट्रीटमेंट केलेलं, म्हणजे दाबाने आत औषध मुरवलेलं घ्या, पण ते औषध पूर्ण आतपर्यंत गेलेलं नसतं, म्हणून कापलेलं प्रत्येक टोक आणि पाडलेलं प्रत्येक भोक परत औषध लावून भिजवायचं, तांब्याचं औषध असलेलं प्रिझर्व्हेटिव्ह यासाठी मिळतं. बोरेट पण चांगलं आहे पण उघड्यावर पावसाने धुऊन जातं, ते रंगाखाली आणि छपराखालीच टिकतं. बूड खाली घालून औषधात उभं ठेवा, वाळू द्या, परत ठेवा. आणि न कापलेलं टोक असेल तर ते खाली ठेवा, कापलेलं वर.

उंची मोजताना चारही कोपऱ्यांतून मोजा, बैठक आणि तुळई समांतर असतीलच असं नाही. दोन मिलिमीटर जास्त ठेवून कापा, लागलं तर रंध्याने उतरवा, कमी पडलं तर खाली पातळ चकत्या घालत बसावं लागतं. खांबाला उभी भेग असेल तर ती बाजू पावसाकडे करू नका. उभा करा, दोन लगतच्या बाजूंनी ओळंबा धरा, मग प्रॉप तसेच अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने सैल करत भार हळूहळू खांबावर सोडा.

वर आणि खाली दोन्हीकडे लोखंडी पट्ट्यांनी, बोल्टने बांधा, नुसतं वजनाने बसेल म्हणून सोडू नका. पत्र्याची भीती म्हटलं ती हीच, हलकं छप्पर वादळात वाऱ्याने वर उचललं जातं आणि त्या वेळी खांबाने ते खाली ओढून धरायचं असतं. तांब्याचं औषध असलेल्या लाकडात साधे खिळे लवकर गंजतात, तिथे जाड जस्ताचे किंवा स्टेनलेसचेच स्क्रू-बोल्ट. बूट स्टेनलेसचा असेल तर बोल्टही स्टेनलेसचेच.

रंगाचं फार सांगायला नको. लाकूड कोरडं झालं की लावा, वर पाण्याचे थेंब टाकून बघा, मुरले तर लाकूड रंग घेईल. श्वास घेणारं ऑइल किंवा स्टेन मला जाड रंगापेक्षा जास्त पटतं कारण ते सोलत नाही. बुडाच्या छेदावर मात्र जाड थर चालतो, खांब उभा करायच्या आधीच, औषध वाळल्यावर तिथे इपॉक्सी लावून नळ्यांची तोंडं बंद करा.

सगळे खांब एकदम काढू नका, एक पूर्ण करून मग पुढचा. कुंड्या, चपलांचं स्टँड, पायपुसणं बुडाला टेकवून ठेवलेलं असेल तर हलवा, त्यांच्यामुळे ती 25 मिलिमीटरची फट कोंदते. पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन दिवसांनी बूड परत तपासा, ओल मोजायचं छोटं मीटर मिळालं तर उत्तमच, 20 च्या खाली आकडा पाहिजे. जास्त आला तर पाणी अजून कुठूनतरी येतंय, पन्हळ आणि उतार परत बघा. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही पण रुंदीत चांगलंच आकसतं, त्यामुळे पहिला कोरडा ऋतू गेल्यावर बोल्ट सैल झालेले असतात, ते आवळून घ्या, आणि वॉशर लाकडात रुतायला लागला की थांबा.